सहा जणांत तिकीट कोण काढतं, ते आधी शोधा

प्रश्न दोघा मित्रांचा आहे. दापोली-गुहागर पट्ट्यातल्या घरगुती निवासांसाठी त्यांनी मोबाइल ॲप काढलं. पहिल्या मुक्कामावर २०० रुपये सूट होती तोवर पुण्या-मुंबईची कॉलेजातली, नुकती नोकरीला लागलेली पोरं येत राहिली. सूट बंद झाली, पोरंही बंद झाली. जी एकदा राहून गेली, त्यांनीसुद्धा घरी पोचेपर्यंत ॲप फोनवरून काढून टाकलं होतं. ते विचारतात: विशी-पंचविशीतला प्रवासी एखादं ॲप नेमकं कशामुळे घेतो? दिसायला चकचकीत आहे म्हणून, सूट मिळते म्हणून, मित्रांनी सांगितलं म्हणून, की इन्स्टाग्रामवर दिसलं म्हणून?

थोडक्यात सांगायचं तर तो अडला म्हणून घेतो. आणि सहा जणांच्या गटात ज्याच्या गळ्यात तिकिटं काढायचं काम पडतं, तो एकटाच घेतो. बाकीचे पाच काहीच घेत नाहीत. आता लांब उत्तर.

मी १९९९ मध्ये पुण्यात खासगी बसच्या बुकिंगच्या टेबलावर बसायला लागलो. चार्ट कागदाचा असे. प्रत्येक एजंटाला गाडीतल्या ठरावीक सीटा वाटून दिलेल्या असत. माझ्या सहा संपल्या की मी गिऱ्हाइकाला ‘फुल आहे’ म्हणून मोकळा. मग पुढच्या चौकातल्या टेबलावर त्याच गाडीच्या चार सीटा रिकाम्या का असेनात. दिवाळीत तर कहर व्हायचा. २००५ च्या दिवाळीत बंगळूरहून हैदराबादला घरी जायला फणींद्र सामा या तरुण इंजिनिअरला बसचं तिकीट मिळालं नाही, त्यातून २००६ मध्ये त्यानं मित्रांबरोबर रेडबस ही ऑनलाइन बस-तिकिटांची कंपनी उभी केली. ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा जरा ओशाळलो, कारण टेबलाच्या अलीकडे बसून ‘फुल आहे’ म्हणणाऱ्यांपैकी मीही एक होतो. पुढे माझं टेबल उठलं. गेली बारा-तेरा वर्षं मी प्रवासाची ॲप बनवणाऱ्यांसाठी एकच काम करतो. पोरांच्या शेजारी बसतो, ती बुकिंग कसं करतात ते बघतो आणि मध्ये तोंड घालत नाही. हे शेवटचं सगळ्यांत अवघड.

आधी अडण्याबद्दल. ‘व्हेअर इज माय ट्रेन’ हे ॲप बघा. बंगळूरच्या एका लहान कंपनीनं बनवलं, २०१८ मध्ये गूगलनं ती कंपनी विकत घेतली. इंटरनेट नसलं, जीपीएस बंद असलं तरी मोबाइल टॉवरच्या खुणांवरून गाडी कुठे आहे ते सांगतं. मराठीत चालतं. स्टेशन जवळ आलं की गजर वाजवतं. दिसायला अगदी साधं. आमच्या धंद्यातले डिझाइनवाले बघून नाक मुरडतील असं. आणि तरी कोकणकन्येच्या जनरल डब्यात पहाटे चार वाजता कुणाच्याही खांद्यावरून डोकावलंत तर हेच दिसेल. माझ्या ओळखीत एकानंही ते जाहिरात बघून घेतलेलं नाही. गाडी बोगद्यांच्या मधे कुठेतरी थांबलेली, बाहेर मिट्ट काळोख, खेड गेलं की यायचंय ते कळेना, आणि समोरच्या बाकावरचा मुलगा सांगतो, ‘दादा, अजून वीस मिनिटं आहेत.’ ‘कसं कळलं?’ तिथेच घेतलं जातं. अडला हरी म्हणतात तसं. फरक इतकाच, की इथे हरीला पाय धरल्यावर पटतं की गाढव कामाचं आहे, आणि तो ते ठेवून घेतो.

यावर संशोधनही खूप झालेलं आहे. तुम्ही पदवीचे प्रकल्प करून आलेले असाल तर ते वाचलंच असेल, म्हणून भरभर सांगतो. १९८९ मध्ये फ्रेड डेव्हिस यांनी म्हटलं, की माणूस नवं तंत्र घेतो ते दोन गोष्टी पाहून: हे माझ्या उपयोगाचं वाटतं का, आणि वापरायला सोपं वाटतं का. २००३ मध्ये विश्वनाथ व्यंकटेश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा बऱ्याच मांडण्या एकत्र करून त्यात आजूबाजूच्या माणसांचा दाब आणि हाताशी असलेली सोय या दोन गोष्टी धरल्या. २०१२ मध्ये हाँगकाँगच्या मोबाइल इंटरनेट वापरणाऱ्यांकडून माहिती घेऊन तीच मांडणी ग्राहकांसाठी वाढवली गेली. त्यात मजा, पैशाचा मोबदला आणि सवय आली. या चौकटीवर प्रवासाच्या ॲपबद्दल ढिगानं प्रश्नावल्या भरून घेतल्या गेल्या आहेत. चौकट चुकीची नाही. माझी तक्रार वेगळी आहे. प्रश्नावली एकेकट्या माणसाला विचारते, ‘तुम्ही हे ॲप वापराल का?’ आणि आपल्याकडची विशीतली पोरं एकेकटी फिरायला जातात कुठे? जातो तो ग्रुप. वापरतो तो त्यातला एक.

या एकाला प्रत्येक ग्रुपमध्ये काहीतरी नाव असतं. कुठे ‘एजंट’, कुठे ‘मॅनेजर’, एका मुलींच्या ग्रुपमध्ये तर ‘एसटी मास्तर’. ट्रिपचा व्हॉट्सॲप ग्रुप निघतो, पहिल्या रात्री दोनशे मेसेज पडतात, अकरा ठिकाणं सुचतात, तीन जण ‘आय ॲम इन’ म्हणून गायब होतात. मग एक जण वैतागून लिहितो, ‘मी काढतोय तिकिटं, नंतर रडू नका.’ तो तुमचा ग्राहक. बाकीच्यांना पीडीएफ जातं, नाहीतर स्क्रीनशॉट. त्यांच्या दृष्टीनं ॲप म्हणजे तो मित्र.

रेल्वेच्या नियमांनी हे आणखी घट्ट केलं. साधं तिकीट एका वेळी ६ जणांचं निघतं, तत्काळचं ४ जणांचं. म्हणजे सहा जणांना तत्काळची दोन तिकिटं, तीही मिनिटा-दोन मिनिटांत. वातानुकूलित डब्यांचं तत्काळ सकाळी १० ला उघडतं, बाकीचं ११ ला. जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळला आधार पडताळणी झालेलं खातं लागतं. आता सांगा, सहा जणांत किती जणांनी वेळेवर आधार जोडून ठेवलेलं असेल? एक, फार तर दोन. ज्यानं जोडलंय, ज्याला लॉगिन कधी करायचं आणि प्रवाशांची यादी आधीच भरून कशी ठेवायची ते माहीत आहे, तो कायमचा ‘एजंट’ झाला. माझं टेबल गेलं, पण टेबल काही संपलं नाही. ते आता हॉस्टेलच्या तिसऱ्या मजल्यावर एका पोराच्या मांडीवर आहे.

म्हणून ‘मित्रांचा प्रभाव’ हा शब्द जरा सांभाळून वापरा. मित्रांनी सांगितल्यावर पोरं ॲप घेतात असं नाही होत. मित्रानं घेतलंय म्हणून त्यांना घ्यावं लागत नाही, असंच जास्त वेळा होतं. तो प्रभाव खरा चालतो एजंटाकडून एजंटाकडे. एका ग्रुपचा तिकीटवाला दुसऱ्या ग्रुपच्या तिकीटवाल्याला विचारतो, ‘तुझे पैसे परत आले का?’

आणि इथेच सगळ्यांत मोठी गोष्ट येते, जी ॲपवाले मीटिंगमध्ये शेवटच्या पाच मिनिटांत उरकतात. परतावा.

२०१६ च्या आधी कॉलेजातल्या बहुतेक मुलांकडे ऑनलाइन पैसे भरायचं स्वतःचं साधन नसे. वडिलांचं कार्ड, वडिलांच्या फोनवर येणारा ओटीपी, आणि ‘कशाला भरतोयस’ हा प्रश्न. त्या वर्षी एप्रिलमध्ये यूपीआय आलं, सप्टेंबरमध्ये जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला, नोव्हेंबरमध्ये नोटाबंदी झाली. एका वर्षात पोराच्या हातात स्वतःचं इंटरनेट आणि स्वतःचं पाकीट आलं. तरुण प्रवासी ॲपकडे कसे वळले याचं मला माहीत असलेलं सगळ्यांत मोठं कारण हे आहे, आणि त्यात एकाही प्रवास कंपनीचा हात नाही.

पण यूपीआयनं काँट्री, म्हणजे खर्चाची वाटणीही सोपी केली, म्हणून एजंटाच्या डोक्यावर आणखी एक ओझं आलं. आधी सगळ्यांचे पैसे तो स्वतःच्या खात्यातून भरतो. मग आठवडाभर मागत बसतो. म्हणजे बुकिंग फसलं तर पैसे सहा जणांचे अडकतात, नाव मात्र एकाचं खराब होतं. हे जोवर लक्षात येत नाही तोवर तरुण लोक ‘पैशाच्या बाबतीत सावध’ असतात वगैरे वाक्यं लिहिली जातात. पोरं सावध वगैरे नसतात. इडलीच्या गाडीवर पाचशेची चूक झाली तर हसून सोडतील. मित्रांच्या पैशांची चूक झाली तर मात्र झोप लागत नाही.

एकदा पुण्यातल्या एका मुलींच्या हॉस्टेलमध्ये मी असाच बसलो होतो. सहा जणींची मालवणची ट्रिप. तिकीटवाल्या मुलीनं एका ॲपवर दोन खोल्या घेतल्या, ९,४०० रुपये खात्यातून गेले, आणि पडद्यावर गोल चक्र फिरत राहिलं. मग ‘पेंडिंग’. खोली मिळाली की नाही, कळायला मार्ग नाही. मदतीला जी खिडकी होती तिथे यंत्र बोलत होतं आणि प्रत्येक प्रश्नाला ‘तुमची गैरसोय आम्ही समजू शकतो’ एवढंच म्हणत होतं. तिनं अर्ध्या तासात तो पडदा किती वेळा उघडला असेल, मी मोजायचं सोडून दिलं. पैसे आठव्या दिवशी परत आले, पूर्ण आले. तरी त्या आठ दिवसांत तिनं आईकडून उसने घेऊन दुसरीकडे खोल्या घेतल्या होत्या, आणि त्या हॉस्टेलच्या दोन मजल्यांवर त्या ॲपचं नाव कायमचं गेलं होतं. कंपनीच्या दप्तरी मात्र ही केस ‘यशस्वी परतावा’ म्हणून बंद झाली असणार.

याउलट रेल्वेचं बघा. तिच्या ॲपला पोरं दिवसरात्र शिव्या घालतात, कॅप्चा, अडकणारं पान, सगळ्यावर विनोद चालतात. तरी सोडत नाहीत. पर्याय कमी आहे हे एक. दुसरं असं, की पूर्ण वेटिंगवर राहिलेलं ई-तिकीट चार्ट लागल्यावर आपोआप रद्द होतं आणि ठरलेलं शुल्क कापून पैसे खात्यात येतात. कुणाला फोन करावा लागत नाही. सुरुवातीला गैरसोय, शेवटी खात्री. तुमच्या ॲपमध्ये मी जे पाहिलं ते बरोबर उलटं आहे. सुरुवात लोण्यासारखी, आणि रद्द करायचं बटण सापडेना.

मुलींच्या बाबतीत आणखी एक थर आहे, आणि तो सुरक्षेच्या नावाखाली एका वाक्यात उरकण्यासारखा नाही. मुली निवासाचे फोटो वेगळे बघतात. समुद्र, झोपाळा, घावनाची थाळी हे सगळं त्या अंगठ्यानं सरकवून टाकतात आणि न्हाणीघराच्या दारावर थांबतात. मोठं करून बघतात. आतून कडी आहे का? खिडकी कुठे उघडते? मग परीक्षणांत बाईचं नाव शोधतात. मालकीणबाई घरात राहतात का, हे कुठे लिहिलंय ते शोधतात. यांपैकी एकाही गोष्टीला आमच्या धंद्यात ‘फीचर’ म्हणत नाहीत. आणि लाइव्ह लोकेशन घरी पाठवता येणं ही बऱ्याच घरांत परवानगीची अट असते. म्हणजे ॲप घ्यायचं की नाही हे ठरवणाऱ्यांत पन्नाशीतली एक आईसुद्धा असते, जिच्या फोनवर तुमचं ॲप कधीच येणार नाही.

तशीच जोडप्यांची गोष्ट. सज्ञान अविवाहित जोडप्याला खोली देऊ नये असं कायद्यात कुठे लिहिलेलं नाही, पण दार उघडणाऱ्याची मर्जी असते. रात्री नऊला सामान घेऊन दारात उभं राहून नकार ऐकणं काय असतं, हे ज्यानं एकदा अनुभवलंय तो पुढच्या वेळी पाचशे रुपये जास्त देऊन ‘चालेल’ असं स्पष्ट लिहिलेलं ठिकाण निवडतो. तुमच्या यजमानांना चालत नसेल तर तसंही लिहा. फसवलं गेल्याचा राग नकारापेक्षा मोठा असतो.

सूट देण्याबद्दल तुम्हाला आता काही वेगळं सांगायला नको, अनुभव आलाच आहे. सूट माणसाला दारापर्यंत आणते, आत ठेवून घेत नाही. आणि खोट्या घाईचा तर फार त्रास होतो. ‘शेवटची १ खोली’, ‘आत्ता १४ जण बघत आहेत’, शेवटच्या पानावर अचानक उगवणारं शुल्क, न विचारता टोपलीत पडलेला विमा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा १३ क्लृप्त्यांची यादी काढून त्यांना मनाई केली आहे. पोरांनी ती यादी वाचलेली नाही, पण त्यांना क्लृप्ती ओळखू येते. माझ्यासमोर एकानं दुसऱ्या फोनवर तेच पान उघडून दाखवलं: ‘बघा काका, इथेही शेवटचीच खोली.’

आणि काही वेळा ॲप कितीही चांगलं असलं तरी काम बाहेरच अडतं. गोव्यात वर्षानुवर्षं ओला-उबरला पाय रोवता आलेला नाही. २०१८ मध्ये पर्यटन खात्याच्या पाठबळावर गोवामाइल्स हे टॅक्सीचं ॲप सुरू झालं, त्यालाही स्थानिक टॅक्सीवाल्यांचा कडवा विरोध झाला. टॅक्सीवाल्यांची बाजू अगदीच पोकळ आहे असं मी म्हणणार नाही. हंगामावर पोट असलेल्या माणसाला कमिशनचा धसका असतोच. पण या सगळ्यात मुंबई-पुण्याची पोरं काय करतात? थिवीला किंवा मडगावला उतरतात आणि काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांची भाड्याची स्कूटर घेतात. टॅक्सीचं ॲप घेण्या-न घेण्याचा निर्णय त्या स्कूटरनं घेतलेला असतो.

आता तुमच्याकडे येतो. पोरं ॲप का काढून टाकतात हे मला तुमच्या पहिल्या पानावरच कळलं. तुम्ही निवास चालवणाऱ्या काकूंचा फोन नंबर लपवलाय. का लपवलाय तेही कळतं: नंबर दिला तर पुढच्या वेळी थेट फोन करतील आणि तुमचं कमिशन बुडेल. पण लपवूनही तेच झालं ना? पोरं एकदा राहिली, निघताना काकूंचा नंबर घेतला, ‘पुढच्या वेळी सरळ फोन कर रे’ असं काकूही म्हणाल्या, आणि पोरं एसटीत बसल्या बसल्या तुमचं ॲप पुसून मोकळी झाली. घरगुती निवासाचं नातं माणसाशी जडतं. ‘काकू, सुरमई मिळेल ना?’ हा प्रश्न तुमच्या ॲपमध्ये कुठे टाइप करायचा?

शिवाय कोकणात पोरं वर्षातून एकदा, फार तर दोनदा येतात. इतक्या अंतरानं सवय लागत नाही. रोज लोकलनं जाणाऱ्याच्या फोनवर तिकिटाचं ॲप राहतं, कारण ते रोज उघडतं. तुमचं सहा महिन्यांनी उघडणार. तोवर फोनची जागा भरते आणि पहिली कुऱ्हाड त्याच्यावरच पडते.

त्यामुळे बुकिंगसाठी ॲप घ्यायला लावूच नका. व्हॉट्सॲपवर पाठवता येईल आणि काही न घेता उघडेल असं एक हलकं पान करा. एकानं बुकिंग केलं की त्याच्यातून सहा जणांना जाईल असा एक संदेश आपोआप तयार होऊ दे: पत्ता, वळण कुठे घ्यायचं, काकूंचा नंबर, प्रत्येकाची काँट्री. प्रत्येकानं आपापला वाटा थेट भरायची सोय केलीत तर तो तिकीटवाला तुमचा जन्माचा ऋणी राहील. कमिशन कमी करून यजमानांकडून वर्षाची ठरावीक वर्गणी घ्या, म्हणजे नंबर लपवायचं कारणच उरत नाही.

ॲप ठेवायचंच असेल तर ते तिथे ठेवा जिथे पोरं खरोखर अडतात. तुमच्या पट्ट्यात अशा जागा आहेत आणि बाहेरच्या कुठल्याही मोठ्या कंपनीला त्या माहीत नाहीत. दाभोळ-धोपावे फेरीबोटीची शेवटची खेप आज किती वाजता आहे? चुकली तर चिपळूणवरून केवढा वळसा पडतो, हे रात्री जेट्टीवर उभं राहिल्याशिवाय समजत नाही. तीच गोष्ट तवसाळ-जयगडची, वेसवी-बागमांडल्याची. भरती केव्हा, ओहोटी केव्हा, कुठल्या किनाऱ्यावर कधी उतरू नये. वेळासला फेब्रुवारी ते एप्रिल कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात. पोरं रात्रभर प्रवास करून येतात आणि त्या सकाळी घरट्यातून एकही पिल्लू निघालेलं नसतं. आज निघाली का, उद्या निघण्यासारखी आहेत का, एवढं गावातल्या माणसाकडून विचारून रोज संध्याकाळी टाकलंत तरी एजंट पोरगा ते ॲप फेब्रुवारीभर पुसणार नाही. आणि हे सगळं रेंजशिवाय उघडलं पाहिजे. घाट उतरला की फोनचा निव्वळ कॅमेरा होतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

पुढच्या शनिवार-रविवारी तीन ग्रुप शोधा. प्रत्येकात तिकीट कोण काढतं ते विचारा, त्याच्या शेजारी बसा, चहा पाजा आणि गप्प राहा. मग त्याला एक बुकिंग मुद्दाम रद्द करायला सांगा. मी तुमच्या ॲपमध्ये करून बघितलं. सोळा मिनिटं गेली, आणि शेवटी मी काकूंनाच फोन केला.